खडी जाईल एवढी फट

त्याला कारखान्यात सगळे सव्वा म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नकाशात एक सळई असली तर हा सव्वा बांधणार, म्हणून सव्वा. बाकी त्याच्यात आवडण्यासारखं फारसं काही नव्हतं. सकाळी शेडमध्ये शिरला की आधी काल बांधलेल्या सळ्यांच्या पिंजऱ्यांवरून हात फिरवी. एखादी तारेची गाठ सैल लागली की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारी, "ही कोणी झोपेत बांधली?" अकरा जण त्याच्या हाताखाली होते. अकराही जण त्याच्यावर खार खाऊन होते, आणि अकराही जणांच्या गाठी घट्ट होत्या.

कारखाना सिमेंटच्या तयार मॅनहोलचा. गटाराच्या लाइनवर ठरावीक अंतराने माणूस उतरेल अशी विहीर लागते. ती जागेवर बांधत बसण्याऐवजी इथे गोल तुकडे ओतायचे, ट्रकने न्यायचे आणि क्रेनने खड्ड्यात एकावर एक बसवायचे. तळाच्या तुकड्याला पाइपासाठी भोकं ठेवावी लागतात, आणि सगळं दुखणं त्या भोकांत असतं. अखंड गोल भिंत चहूकडून मातीचा दाब घेते आणि हूं की चूं करत नाही. भोक पाडलं की गोल तुटतो. आडव्या सळ्या तिथे कापाव्या लागतात. जेवढ्या कापल्या तेवढ्या भोकाच्या वर आणि खाली वाटून घालायच्या, शिवाय कडेला चार तिरक्या द्यायच्या, कारण तडा भोकाच्या कडेपासून तिरका पळतो. हे नकाशात असतं. सव्वा ते बांधायचा आणि वर आपलं घालायचा.

त्याला कारण होतं. विशीत असताना त्याने एका तुकड्यात भोकाखालची एक सळई घातलीच नव्हती. जेवणाची सुट्टी झाली होती, भूक लागली होती, एका सळईने काय होतंय असं वाटलं. क्रेनने तुकडा उचलला तेव्हा तो भोकापाशी फाटला आणि खाली उभ्या असलेल्या त्याच्या उस्तादाच्या पायावर आला. उस्ताद पुढे जन्मभर काठी घेऊन चालला. सळई कोणी खाल्ली ते उस्तादाला माहीत होतं, पण तो कधी बोलला नाही. तेव्हापासून सव्वाचा हात कमी घालायला धजत नसे. चाळीस वर्षं तो जास्तच घालत आला.

दोन वर्षांपूर्वी एका नव्या वस्तीसाठी लांब लाइनचं काम आलं, तुकडे टप्प्याटप्प्याने द्यायचे. त्यात नऊ तुकडे असे होते की दोन मोठी भोकं जवळजवळ खेटून. मधे राहिलेली पट्टी हाताच्या वितीएवढी. सव्वाने नकाशा पाहिला. नकाशात भोकाखाली दोन सळ्या होत्या. त्याने चार घातल्या, आणि भोकाभोवती एक गोल कडं स्वतःच्या मनाने गुंडाळलं. पिंजरा असा दाट झाला की बोट घालायला जागा नव्हती. तो लांब उभा राहून बघत राहिला आणि म्हणाला, "आता वरून रणगाडा जाऊ दे."

त्या पिंजऱ्यात काँक्रीट भरायचं काम त्याच्या मेहुण्याचं. बायकोचा धाकटा भाऊ. सव्वानेच त्याला कामावर चिकटवला होता आणि हे तो त्याला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा. काँक्रीट ओतताना थरथरणारी लोखंडी सुई आत घालतात, म्हणजे खडी आणि चुरा खालपर्यंत बसतो. मेहुणा पहिल्याच तुकड्याला म्हणाला, "भाऊजी, सुई आत जात नाही. भोकाच्या खाली काही उतरतच नाही."

"जात नाही की घालत नाहीस?"

"या, तुम्ही घालून बघा."

"मी सळ्या बांधू, मीच सुई घालू, आणि तू काय ट्रकला टाटा करणार? हात चालव. तुमच्या घरात हात चालवायची सवयच नाही कोणाला."

तुमच्या घरात म्हणजे सव्वाच्या बायकोचं माहेर. मेहुण्याने सुई तिथेच टाकली आणि निघून गेला. परत आला तो दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हापासून दोघं कामापुरतं बोलत. मेहुणा घरी यायचा बंद झाला. बायको दोन वर्षं भावाला रस्त्यात भेटत होती.

मग सहा महिन्यांपूर्वी डिझाइनवाली बाई आली. बारीक, चष्मेवाली, पायात जाड बूट. तिच्याआधीचा डिझायनर काचेच्या खोलीतून कधी खाली उतरला नव्हता. ही पहिल्याच आठवड्यात शेडमध्ये आली, सव्वाचा पिंजरा बघितला, नकाशा बघितला, आणि बाहेर जाऊन खडीच्या ढिगातून एक खडा उचलून आणला. भोकाखालच्या दोन सळ्यांमध्ये तो घालून पाहिला. गेला नाही. फिरवून पाहिला. तरी नाही.

"खडी वीस मिलिमीटरची," बाई म्हणाली. "तुमची फट पंधराची. ही खडी भोकाखाली जाणार कुठून?"

"धक्का दिला की जाते," सव्वा म्हणाला. "धक्का देणारा माणूस लागतो." आणि त्याने लांब उभ्या मेहुण्याकडे पाहिलं.

"नकाशात दोन सळ्या आहेत."

"नकाशा काढणारा खड्ड्यात उतरत नाही, बाई."

"मॅडम म्हणतात सगळे."

"सगळे म्हणोत."

सहा महिने हे असंच चाललं. बाई येऊन जास्तीच्या सळ्या सोडायला लावी. ती गेली की सव्वा त्या परत बांधे. बाई परत येई. एकदा तिने स्वतः पक्कड घेऊन तारा कापल्या, तर सव्वाने तिच्यादेखत नवी तार पिळली. मालकांकडे तक्रार गेली. मालकांना दोघंही हवे होते, म्हणून ते कानांवर हात ठेवून बसले. शेवटी सव्वानेच तोंड उघडलं. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर.

"दोन तुकडे करू. एक तुमचा, एक माझा. जॅकखाली घाला. माझा आधी फुटला तर मी हा हूक ठेवतो आणि घरी जातो."

हूक म्हणजे तार पिळायचा हूक. त्याची मूठ घासून घासून त्याच्या तळव्याच्या आकाराची झाली होती. दुसऱ्या कोणाच्या हातात ती बसत नसे.

"आणि माझा फुटला तर?" बाईने विचारलं.

"तर तुम्ही खडे गोळा करायचं सोडा."

कोणीतरी हसलं. बाई हसली नाही. "चालेल," म्हणाली.

दोन्ही तुकडे एकाच दिवशी ओतले, मेहुण्यानेच. सव्वा शेजारी उभा राहून त्याच्या हाताकडे बघत होता, आणि मेहुणा एकदाही वर बघत नव्हता. अठ्ठावीस दिवस तुकडे ओले ठेवून पिकवले. मग एका सकाळी चाचणी लागली. मातीचा दाब बाजूने येतो, म्हणून तुकडा आडवा निजवून वरून जॅकने दाबायचा. अंगणात लोखंडी चौकट होती, जॅकला काटा होता. काटा वीस टनांवर गेला पाहिजे आणि तुकडा टिकला पाहिजे, अशी अट.

बाईचा तुकडा आधी. दहा. पंधरा. वीस. केसासारखी एक रेघ उमटली आणि थांबली. बाईने वहीत लिहिलं आणि जॅक सोडायला सांगितला.

मग सव्वाचा. तो चौकटीला टेकून उभा होता, हात बांधून. दहाला काही नाही. तेराला कुठेतरी कुरकुरलं. चौदाला भोकाखालून तळहाताएवढा सिमेंटचा पापुद्रा सुटला आणि फरशीवर पडून फुटला. त्याच्यामागे तडा दोन भोकांच्या मधून कडकडत गेला. जॅकवाल्याने हात काढला.

सव्वा पुढे गेला. गुडघ्यावर बसला. पापुद्रा निघाला होता तिथे आत बघितलं. आत त्याच्या चार सळ्या होत्या, कडं होतं, गाठी जशाच्या तशा घट्ट. आणि त्यांच्या मागे काही नव्हतं. सुकी खडी वर अडकून राहिली होती, खाली पोकळी. त्याने मूठ आत घातली. अख्खी गेली.

तो उठला तो सरळ मेहुण्यावर. "मुद्दाम केलंस! माझं नाव घालवायला!"

"मुद्दाम?" मेहुण्याचा आवाज फाटला. "तुम्ही बांधाल तसा ओतला की असाच निघतो तो! साचा काढला की भोकाखाली पोकळ. मी सिमेंट कालवून लिंपतो. दोन वर्षं लिंपतोय."

"का लिंपलंस?"

"दाखवलं असतं तर काय म्हणाला असतात? हात चालव. आमच्या घरात हात चालवायची सवय नाही. ऐकलं होतं मी ते एकदा. परत नव्हतं ऐकायचं."

सव्वाचा हात वर झाला होता. तो तसाच राहिला. अकरा जण बघत होते. मग त्याने खिशातून हूक काढला, बाईच्या वहीवर ठेवला आणि फाटकाकडे चालू लागला.

"हूक मला नको," बाई मागून म्हणाली. "दोन भोकांचे असे दाट बांधलेले किती तुकडे गेले, ते सांगून जा."

तो थांबला नाही.

"कागदावर सगळे नकाशाप्रमाणे आहेत," तिने आवाज चढवला. "कोणत्यात तुम्ही जास्त घातलंय हे कागदाला माहीत नाही. पुढच्या महिन्यात त्या लाइनला पाणी सोडणार आहेत. मग आत कोणी वाजवून बघणार नाही. वरून ट्रक जातील आणि आत माणसं उतरतील."

तो तरीही थांबला नाही. फाटक लोटून निघून गेला.

घरी बायकोला सगळं कळलेलंच होतं. भावाने फोन केला होता. तिने ताट वाढलं आणि समोर बसली. एरवी ती बसत नसे.

"तो म्हणतो, त्याचंही चुकलं."

"त्याचं 'ही'?"

"ताटात बघा. मी कोणाची बाजू घेत नाहीये. दोघांच्या घरात मीच राहिलेय." तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "किती आहेत?"

"काय किती?"

"सळ्या मोजणारा माणूस तुम्ही. झोपेतसुद्धा बोटं मोजतात तुमची. किती तुकडे गेले ते तोंडाने मोजवत नाही?"

"सांगितलं तर नऊच्या नऊ उकरतील. चाळीस वर्षांचं काम म्हणजे काय, हे लोकांना तेवढंच दिसेल. खड्डा आणि त्यात माझा तुकडा."

"म्हणजे नऊ," बायको म्हणाली आणि उठली. "आणि त्यातला एखादा माणसावर बसला तर? त्याला काठी कोण देणार? तुम्ही?"

उस्तादाचा पाय गेल्याचं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानेच सांगितलं होतं. त्यानंतर दोघांपैकी कोणी ते पुन्हा काढलं नव्हतं. सव्वाने घास खाली ठेवला. रागाने त्याचे कान तापले. त्या रात्री तो तिच्याशी बोलला नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. फक्त जाताना दारात म्हणाला, "जेवायला उशीर होईल."

तो बाईच्या काचेच्या खोलीत चप्पल न काढता शिरला. हूक टेबलावर कागदांच्या ढिगावर वजन म्हणून ठेवलेला होता. ते बघून त्याला आणखी राग आला.

"नऊ," तो म्हणाला. "कुठले ते मी दाखवतो. तुमच्या यादीत नाही सापडायचे. आणि आत मी उतरणार. आवाज कळायला कान लागतो."

"तुम्ही उतरणार नाही. त्याची रीत असते. पट्टा, दोर, वायू मोजायचं यंत्र."

"आणा मग. मी नाही म्हटलंय?"

"आणि दोर धरायला तुमचे मेहुणे येतील. कारखान्यात सगळ्यांत ताकदीचे तेच आहेत."

"तो सोडून कोणीही."

"तो सोडून कोणी तयार नाही," बाई म्हणाली. "मी अकराही जणांना विचारलंय."



नव्या वस्तीच्या रस्त्यावर लाल झेंडे लावले. झाकण उघडून तासभर तसंच ठेवलं. बाईने यंत्र दोरीने आत सोडलं, वर काढलं, आकडे पाहिले, मान हलवली. सव्वाने पट्टा चढवला. मेहुण्याने दोर कमरेभोवती घेतला आणि पाय रोवून उभा राहिला.

"सोडू नकोस."

"सोडायचाच असता तर दोन वर्षांपूर्वी सोडला असता. उतरा."

आत ओल नव्हती, फक्त सिमेंटचा वास. सव्वा तळाला टेकला. दोन भोकं समोर, दोन्हींत पाइप बसवलेले, मधे वितीची पट्टी. त्याने छोटी हातोडी काढली आणि भिंतीवर आधी भोकाच्या वर वाजवली. खणखणीत. बाजूला वाजवली. खणखणीत. मग पाइपाच्या खाली. बद्द. जणू रिकाम्या डब्यावर वाजवलं. त्याने पुन्हा वाजवलं, दुसऱ्या अंगाने, हळू, जोरात. बद्द तो बद्दच. खिशातून खडू काढून त्याने तिथे फुली मारली आणि वर ओरडला, "खराब!"

"काय?" वरून मेहुणा.

"खराब म्हटलं! ऐकायलाही येत नाही आता?"

वर आल्यावर बाईने विचारलं, "दुरुस्त होईल?"

"तुम्ही डिझाइनवाल्या. तुम्ही सांगा."

"लिंपण फोडायचं. आतून खरडून बारीक खडीचं काँक्रीट दाबाने भरायचं. मग बाहेरून जाड कडं ओतायचं. त्यासाठी भोवतीची माती काढावी लागेल. काही वाचतील, काही नाही."

"बारीक खडी," सव्वा म्हणाला आणि पट्ट्यासकट पुढच्या झाकणाकडे चालू लागला.

दुसरा बद्द. तिसरा बद्द. चौथ्याला त्याने हातोडी मारली आणि थबकला. खणखणीत. पाइपाच्या खाली, बाजूला, पट्टीवर, सगळीकडे खणखणीत. त्याने कान भिंतीला लावून पुन्हा वाजवलं. मग वर आला आणि तडक पुढच्या झाकणाकडे गेला. पाचवाही खणखणीत. सहावा बद्द. सातवा खणखणीत. आठवा आणि नववा बद्द.

संध्याकाळ व्हायला आली होती. बाई झेंडे गोळा करत होती. सव्वा नवव्या झाकणाच्या कडेला बसून पट्टा सोडत होता.

"तीन चांगले कसे?" तो म्हणाला. बाईला विचारल्यासारखं, पण बघत होता मेहुण्याकडे. "पिंजरे सगळे सारखे होते. मी बांधलेत. मला माहीत आहे."

मेहुणा दोर गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "सारखे नव्हते."

"काय?"

"तुम्ही मधे आठवडाभर तापाने पडला होतात. त्या आठवड्यात तीन ओतले. ओतण्याआधी मी तुमच्या जास्तीच्या सळ्या सोडल्या. कडंही काढलं. नकाशात होत्या तेवढ्या ठेवल्या. सुई आरामात खालपर्यंत गेली."

बाईने झेंडे खाली ठेवले.

सव्वा उठला. चेहरा लालबुंद. जॅकखाली तुकडा फुटला तेव्हाही तो इतका लाल झाला नव्हता. त्याच्या बांधलेल्या पिंजऱ्याची गाठ चाळीस वर्षांत कोणी त्याच्या माघारी सोडली नव्हती.

"माझ्या पिंजऱ्याला हात लावलास?"

"लावला."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारून कधी कोणाला काही मिळालंय?"

एक ट्रक हॉर्न देत बाजूने गेला. रस्ता हादरला. दोघांनीही आधी ट्रककडे पाहिलं, मग उघड्या झाकणाकडे. सव्वाने वाकून एकट्याने झाकण उचलायचा प्रयत्न केला. ते जड होतं. मेहुण्याने दुसरी कड धरली. दोघांनी मिळून ते जागेवर बसवलं. सव्वाने त्यावर पाय आपटून बघितला, हलतंय का.

मग मेहुण्याकडे न बघता, दातओठ खात म्हणाला,

"मग नऊच्या नऊ का नाही सोडल्यास, गाढवा?"